फॉर्मची मागची बाजू

"पण मी म्हणतो, तुला कुणी सांगितलं होतं ते लॅमिनेट करायला?"

मुलाने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि तिसऱ्यांदाही झेरॉक्सआईने सगळा जोर हातातल्या पातेल्यावर काढला. पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं. ती घासतच होती.

"बोल ना, आई!"

"कुणी नाही सांगितलं. कागद हातात होता, मशीन तापलेलं होतं. केला."

"मशीन तापलेलं होतं! आजी, ऐकलंस? मशीन तापलेलं होतं म्हणून आपले पैसे बुडाले."

खिडकीशी लावलेल्या पलंगावरून आजीचा, म्हणजे झेरॉक्सआईच्या सासूचा, आवाज आला, "मला काय सांगतोस? मी तर तिच्यासमोर जास्त वेळ स्वस्थ पडूनसुद्धा राहत नाही. एखाद्या दिवशी मलाही आत सरकवेल."

सुनेला हसू फुटलं. नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते टॉवेलाच्या घडीत दाबलं.

भांडणाचं मूळ टेबलावर पडलं होतं आणि ट्यूबच्या उजेडात चकाकत होतं. खरेदीखताचं पहिलं पान. वर कर भरल्याचा सरकारी शिक्का, खाली घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची सही, आणि दोन्ही बाजूंनी जाड, गुळगुळीत प्लॅस्टिक. कोपरेसुद्धा कात्रीने गोल कापलेले. झेरॉक्सआईचं काम कधी अर्धवट नसायचं.

घराचा तो व्यवहार मोडून पाच महिने होऊन गेले होते. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा बेत बदलला, तर घरखरेदीवर भरलेला कर सरकार परत देतं. मात्र कर भरल्यापासून सहा महिन्यांच्या आत शिक्क्याचं मूळ पान कार्यालयात नेऊन रद्द करून घ्यावं लागतं. ती ते पान घेऊन त्या दुपारी गेली होती. खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकुनाने पान उलटसुलट केलं, 'रद्द' असा मोठा शिक्का त्यावर मारला आणि मग अंगठ्याने तो शिक्का तिच्यासमोर पुसून दाखवला. निळा फराटा उरला. रुमालाने पुसल्यावर तोही गेला.

"हे बघा. हा कागद रद्दच होत नाही, बाई. आज पैसे परत न्याल, उद्या याच शिक्क्यावर दुसरं घर घ्याल."

"मी कशाला घेऊ दुसरं घर? एक घेता घेता नाकी नऊ आले."

"तुम्ही नाही घेणार हो. पण नियम तुमच्या एकटीसाठी नसतो."

मुदतीचे आठ दिवस उरले होते.

"आयुष्यभर लोकांचे कागद डोळ्यांत तेल घालून सांभाळलेस," मुलगा म्हणाला, "आणि आपला एक कागद, एकच, त्याची अशी वाट लावलीस." हे मात्र त्याने ओरडून नाही, हळू म्हटलं, आणि तेच तिला लागलं. तिने पातेलं पालथं घातलं, हात पुसले, पान उचलून पिशवीत ठेवलं.

"जेवायला बसा," ती म्हणाली.

*

तिला झेरॉक्सआई हे नाव शाळेच्या पोरांनी दिलं होतं. मुदतीच्या आदल्या दिवशी धापा टाकत येणारी ही पोरं पुढे कॉलेजात गेली, नोकरीला लागली, त्यांच्या लग्नाचे दाखलेही तिच्याच मशीनवरून निघाले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. दुकान सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. डाव्या हाताला झेरॉक्सचं मशीन, उजव्या हाताला लॅमिनेशनचं, मागे पुस्तकबांधणीचं टेबल, आणि दाराशी नवऱ्याच्या वेळचं कागद कापायचं लोखंडी यंत्र. त्या यंत्राचा दांडा इतका लांब होता, की गठ्ठा कापताना तो दाराबाहेर जायचा. त्यामुळे दर वेळी तिला ओरडावं लागे, "बाजूला व्हा, कापतेय!" रस्त्यावरचे जुने लोक न बघताच बाजूला होत. नवे दचकत.

तो दांडा बावीस वर्षं ओढून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता.

नवरा छापखान्यात बाइंडर होता. तो गेला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा. त्याच्या नोकरीचे, फंडाचे सगळे कागद पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होते. त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरची टाकी रात्रभर वाहिली. सकाळी पेटी उघडली तर आत निळं पाणी, आणि सह्या, शिक्के, तारखा सगळं त्या पाण्यात. मग चौदा महिने ती ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत राहिली, आपला नवरा नोकरी करत होता एवढंच पटवायला. फंड मिळाला तेव्हा त्यातून तिने पहिलं जे यंत्र घेतलं ते लॅमिनेशनचं.

तेव्हापासून तिच्या घरात उघडा कागद राहिला नाही. जन्माचे दाखले, गुणपत्रिका, गॅसवाल्याचा नंबर, आजीच्या गोळ्यांचं वेळापत्रक. मुलाने पहिलीत काढलेला हत्तीसुद्धा, ज्याला पाच पाय होते. सून नवी आली तेव्हा तिने बाजारातून आणायच्या सामानाची यादी फ्रीजवर लावली. दुसऱ्या दिवशी ती यादी कडक झालेली मिळाली. "आई, यात आता साबण खोडायचा कसा?" असं तिने विचारलं होतं.

नव्या घराची कल्पना मुलाची. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. पन्नास इमारतींच्या लिफ्ट वर-खाली करणाऱ्या या माणसाने पसंत केलं ते लिफ्ट नसलेल्या इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं घर. "जागा ठेवलीय लिफ्टसाठी," तो छातीठोकपणे सांगायचा, "मी स्वतः आत डोकावून बघितलंय." विकणारा दातांचा डॉक्टर होता, सज्जन, त्याला मुलीकडे दूरगावी राहायला जायचं होतं. घर सगळ्यांना आवडलं. खोल्यांची वाटणी जेवताना झाली: मोठी खोली मुलाला-सुनेला, उजेडाची आजीला, तिसरी पुढेमागे बाळाला. "आणि आई?" सुनेने विचारलं. "आई काय, दिवसभर दुकानातच असते," मुलगा म्हणाला. "हॉलमध्ये एक छान दिवाण घेऊ तिला." झेरॉक्सआईने कुणाला भात हवाय का ते विचारलं.

बयाणा मुलाने भरला. कराची रक्कम तिने, दुकानाच्या शिल्लकीतून. ती शिल्लक कशासाठी होती, ते तिने घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं. दुकानाला लागून छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा गाळा होता. म्हातारा कंटाळला होता, सोडणार होता. तो गाळा मिळाला, की मधली भिंत काढायची, विजेवर चालणारं कटिंग मशीन घ्यायचं, आणि रस्त्यावरच्या लोकांना एकदाचं सुखाने चालू द्यायचं, असं तिच्या मनात तीन वर्षं होतं. पण घर म्हटल्यावर घर. तिने पैसे काढून दिले आणि घरी येऊन नुसतं "भरले" म्हणाली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आजी न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, चालतील, वॉकरला धरून चालतील, पण जिने नकोत. चौथा मजला तिथेच संपला. दंतवैद्याने भलेपणाने बयाणा परत केला, रद्दपत्रावर सही केली, वर आजीला कवळी फुकट नीट करून दिली. कर तेवढा सरकारकडे राहिला.

आणि तो परत येणार म्हटल्यावर त्याला घरात लगेच वाटा फुटल्या. मुलाने जुनी गाडी बघून ठेवली, आजीला दवाखान्यात न्यायला बरी. सुनेला ओटा उंच करून हवा होता, तिची पाठ दुखायची. दोघांचंही खोटं नव्हतं. फक्त पैसे कुणाचे होते हे कुणाच्या लक्षात नव्हतं. छत्रीवाला महिनाअखेरीस निघणार होता, आणि गाळामालकाने तिला सरळ सांगितलं होतं: "तुमच्यासाठी थांबलोय. एक तारखेला मोबाइलवाल्याला देऊन टाकेन."

*

दुसऱ्या दिवशी तिने दुकान लवकर उघडलं आणि रद्दीतले वीस कागद लॅमिनेट केले, ते सोडवून बघायला. इस्त्रीने तापवून सोलले, पातं लावून सोलले, बर्फाच्या पिशवीत ठेवून सोलले. प्लॅस्टिक निघालं, पण दर वेळी अक्षरं घेऊन निघालं. कागद पांढराफटक उरायचा. "एकदा केलं की निघत नाही हं," असं ती गिऱ्हाइकांना बावीस वर्षं बजावत आली होती. आज कळलं, की ती खरंच सांगत होती.

अकरा वाजता चष्मेवाला कारकून स्वतःच दुकानात आला. त्याला मुलीच्या प्रवेशाचे कागद काढायचे होते. इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "काल राग आला असेल."

"तुमचा नाही आला. किती प्रती?"

"तीन. पण एक विचारू? तुमच्या अर्जाला मागची बाजू का नव्हती?"

"कुठली मागची बाजू?"

"परताव्याच्या फॉर्मला मागे सूचना असतात. तुमच्याच नाही, या रस्त्यावरून येणाऱ्या एकाही अर्जाला नसतात. आम्हाला वाटायचं, लोक कागद वाचवतात."

झेरॉक्सआईने मशीनचं झाकण बंद केलं. भिंतीवरच्या खणातून तिने परताव्याच्या फॉर्मची आपली मूळ प्रत काढली, जिच्यावरून ती प्रती काढत आली होती. पुढची बाजू लख्ख. मागची कोरी. तिला आठवलं. फार वर्षांपूर्वी एका माणसाने तो फॉर्म आणला होता, त्याच्याकडे सुटे कमी होते, म्हणून तो म्हणाला होता, "पुढचीच काढा, लिहायचं पुढेच असतं." तिने तीच एक जादा प्रत आपल्याकडे ठेवली. बाकी सगळे फॉर्म त्या एका प्रतीची पिल्लं.

"म्हणजे मी…" ती खाली बसली. "किती लोकांना परत पाठवलंत तुम्ही?"

"असतील पाच-पन्नास," कारकून म्हणाला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "तसे नंतर झाले त्यांचे. बहुतेकांचे."

या 'बहुतेकांचे'ने तिला जास्तच खाल्लं. दुकानात वैतागून परत येणारे लोक तिला आठवले. हा कागद नाही म्हणे, तो जोडला नाही म्हणे. ती त्यांना पाणी द्यायची आणि सरकारला नावं ठेवायची. सरकारने सगळं मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं.

"मला ती बाजू आणून द्या," ती म्हणाली. "तुमच्या प्रती फुकट."

"फुकट नको. लाच होईल."

"मग पैसे द्या आणि ती बाजू आणा!"

जेवणाच्या सुटीत त्याने ती आणून दिली. बारीक टायपातल्या अकरा सूचना. झेरॉक्सआईने चष्मा लावला आणि दाभण हातात घेऊन, म्हणजे एका विद्यार्थ्याचा प्रबंध शिवता शिवता, त्या एकेक वाचल्या. सातवी तिची: 'मूळ दस्त लॅमिनेट करू नये, कारण रद्द केल्याची खूण त्यावर कायम राहत नाही.' तरी ती पुढे वाचत गेली. आठवीत काही नव्हतं. नववी: 'रद्द केल्याची खूण पुसता न येणारी असावी, शिक्का, छिद्र किंवा छेद.'

तिने ती दोनदा वाचली. प्रबंधाच्या जाड पुठ्ठ्यातून तिचं दाभण आरपार गेलेलं होतं. पुठ्ठा, कापड, सव्वादोनशे पानं. तिने दाभणाकडे पाहिलं, पिशवीतल्या चकचकीत पानाकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिला भूक लागली.

*

कार्यालयाच्या दारात पहारेकऱ्याने तिची पिशवी उघडायला लावली.

"बाई, हातोडी?"

"काम आहे."

"कुणावर?"

"कागदावर. सोड आता, तुझ्या बायकोचे दाखले उद्या न्यायचेत ना?"

विभागाच्या मुख्य बाई फायलींमागे जवळजवळ झाकल्या गेल्या होत्या. त्यांनी पान हातात घेतलं, नखाने टकटक वाजवलं आणि परत सरकवलं. "लॅमिनेट केलेलं घेता येत नाही. नियम आहे."

"सातवा," झेरॉक्सआई म्हणाली. "पण मॅडम, त्यात कारणही लिहिलंय. खूण कायम राहत नाही, म्हणून. आणि नवव्यात लिहिलंय, खूण पुसता न येणारी हवी. शिक्का, छिद्र किंवा छेद. शिक्का पुसला जातो, कबूल. मी छिद्रं पाडते. तुमच्यासमोर."

"तुम्ही नियम पाठ केलेत?"

"बावीस वर्षं उशिरा."

बाईंनी चष्मेवाल्या कारकुनाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरात गढून गेला होता. "आमच्याकडे भोकं पाडायचं यंत्र आहे," बाई म्हणाल्या, "पण ते साधा कागदही धड फाडत नाही."

"माझ्याकडे आहे ना." तिने पिशवीतून लाकडी ठोकळा काढून टेबलावर ठेवला, त्यावर पान, हातात दाभण आणि हातोडी. मग एकदम थांबली. "पाडू ना? एकदा पाडलं, की परत नाही."

खरं तर हे ती स्वतःलाच विचारत होती. हे पान तिने कोपरे गोल करून जपलं होतं. तिच्या हातून आजवर एकही कागद मुद्दाम खराब झाला नव्हता.

"एक सांगा," बाई म्हणाल्या, "लॅमिनेट कशाला केलंत?"

"भिजू नये म्हणून. आमच्या ह्यांचे कागद भिजले होते."

बाईंनी ठोकळ्यावरचं पान नीट सरळ केलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पाडा. शिक्क्यातून, रकमेतून आणि दोन्ही सह्यांतून."

ठक. ठक. ठक. सगळी कचेरी मान वर करून बघत होती. पुस्तक शिवताना पाडते तशी तिने ओळीत, सारख्या अंतरावर, एकोणीस छिद्रं पाडली. मग पान उचलून बाईंसमोर धरलं. खिडकीतला उजेड छिद्रांतून त्यांच्या फायलींवर ठिपक्या-ठिपक्यांनी पडला.

"पुसून बघा," ती म्हणाली.

बाईंनी खरोखरच अंगठा फिरवला. मग हसल्या, आणि अर्जावर लिहिलं: 'मूळ दस्त कार्यालयासमक्ष छिद्रे पाडून कायमस्वरूपी रद्द करण्यात आला. परतावा मंजूर.' दहावा हिस्सा कापून, तीन महिन्यांत. पावती कारकुनाने दिली.

"ही तेवढी लॅमिनेट करू नका," तो म्हणाला.

दुकानात आल्यावर तिचा हात सवयीने लॅमिनेशनच्या यंत्राच्या बटणाकडे गेलाच. तिने तो मागे घेतला आणि पावती साध्या पाकिटात घातली. मग नव्या मूळ प्रतीवरून फॉर्मच्या पन्नास प्रती काढल्या, दोन्ही बाजूंच्या, आणि जुनी प्रत फाडून टाकली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावलं: 'फॉर्म दोन्ही बाजूंचाच मिळेल. सुटे नसतील तर नंतर द्या. मागचं आधी वाचा.' त्यानंतर दुकान अर्धं ओढून ती गाळामालकाकडे गेली. त्याने पावती निरखून पाहिली, आणि म्हणाला, याची झेरॉक्स देऊन जा, पैशांसाठी तीन महिने थांबतो.

*

घरी आली तेव्हा सगळे तिची वाटच बघत होते. मुलगा कालच्या बोलण्याने ओशाळून तिच्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

"मिळणार," ती म्हणाली.

"खरंच? कसं काय? आई, तू म्हणजे…" त्याने ग्लास तिच्या हातात दिला, परत घेतला, परत दिला. "मग गाडीवाल्याला मी उद्याच फोन करतो."

"आधी ओटा," सून म्हणाली. "ठरलं होतं आपलं."

"कुठे ठरलं होतं?"

"तुम्ही दोघं भांडा," पलंगावरून आजी म्हणाली. "मी इथेच आहे. मला कुठे जायचंय? खिडकीतून तोच एक खांब बघायचा, सकाळ-संध्याकाळ."

झेरॉक्सआईने पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. खांद्यावरची पिशवी उतरवली, हातोडी काढून फळीवर ठेवली.

"शेजारचा गाळा मी घेतलाय," ती म्हणाली. "सही करून आले. एक तारखेला मधली भिंत पाडतील. पैसे आले की कटिंग मशीन येईल, विजेचं. आई, तुम्ही रोज माझ्याबरोबर यायचं, रिक्षाने. दुकानाला पायरी नाही. तुम्ही काउंटरवर बसून पानं मोजायची आणि लोकांना मागची बाजू वाचायला लावायची. दुकान आता आठला बंद होईल. रात्रीचा स्वयंपाक तुम्ही दोघं करायचा. कांदे टोपलीत आहेत."

आणि ती पाय धुवायला गेली.